नळ सोडायची तीन मिनिटं

तेलाच्या विहिरीतून तेलाबरोबर जे वर येतं त्याला पाणी म्हणायचं, ते केवळ ओलं असतं म्हणून. मीठ, तवंग, आणखी काय काय. ते गाळून, धुऊन बागांना देण्याजोगं करायचं हे त्या पाणी शुद्धीकरण केंद्राचं काम. आणि ते खरंच तसं झालं की नाही, हे सांगायचं काम तिचं. तिची सही झाली की झडप उघडायची. नाही झाली तर ब्रह्मदेव आला तरी नाही.

आज सही झाली होती. अकराला पाणी सुटणार होतं. पावसाने दोन महिने दडी मारलेली, त्यामुळे बागायतदार सकाळपासून फाटकाशी येऊन बसले होते आणि सगळ्यांच्या पुढे तिची सख्खी मावशी. पाइपाचं पहिलं तोंड मावशीच्या लिंबांच्या बागेत उघडायचं. लिंबाला तहान सोसते, मीठ सोसत नाही. टाकीवरचं क्षार मोजायचं मीटर आठवडाभर दुरुस्तीला गेलेलं, म्हणून या खेपेला सगळी भिस्त बाटलीतल्या नमुन्यावर होती.

पावणेअकराला ती मागच्या अंगणात आली तेव्हा बाबा आजच्या पाण्याचा पुरावा म्हणून राखून ठेवायची बाटली भरत होते. तिचे वडीलही त्याच केंद्रात. बाटल्या त्यांनी भरायच्या, तपासायच्या तिने. त्यांनी नळ उघडला, बाटली भरली, नळ बंद केला, टोपण लावलं. झालं.

"बाबा, आधी नळ सोडला होतात ना?"

"सोडायचा कशाला?"

"तीन मिनिटं सोडून द्यायचा! नळाच्या वर पाटीवर लिहिलंय की!"

लिहिलं होतंच, तिच्याच अक्षरात.

"लिहिणाऱ्याचं काय जातंय? दोन बादल्या पाणी मातीत ओतायचं? अगं, लहानपणी एका हंड्यासाठी दोन कोस चाललोय मी. हात धजत नाही."

"म्हणजे कधीच नाही सोडलात?"

"तीन वर्षांत एकदाही नाही," बाबा म्हणाले. अभिमानाने म्हणाले, हे जास्त वाईट.

टाकीपासून नळापर्यंत चाळीस फूट पाइप. टाकी रिकामी झाली, नवी भरली, तरी त्या पाइपात जुनंच पाणी तुंबून राहणार. बाबांच्या बाटलीत तेच यायचं. तिने परवा तपासलं ते मागच्या टाकीचं पाणी होतं आणि सही केली होती ती आजच्या टाकीवर.

तिने पाण्यातले क्षार मोजणारं खिशातलं टीडीएस मीटर काढलं आणि नळ पूर्ण सोडला.

चारशे ऐंशी. अहवालातला आकडा, जसाच्या तसा.

"बघ, ठीक तर आहे," बाबा म्हणाले.

तिने नळ तसाच वाहता ठेवला. पाणी मातीत जात होतं आणि बाबांना ते बघवत नव्हतं. पाचशे. नऊशे. दोन हजार. बाबा जवळ सरकले. साडेतीन हजार. चार हजार शंभर, आणि आकडा तिथेच थांबला. कुठेतरी गाळणीचा पडदा फाटला होता.

झडप उघडायला गेलेल्या केंद्राच्या साहेबांना तिने फोन लावला, तो नुसता वाजत राहिला. पंपाच्या घरघरीत त्यांना काय कप्पाळ ऐकू येणार! ती धावत सुटली. दोनशे पावलांवर पंपघर, आणि आत साहेबांनी झडपेचं चाक अर्धं फिरवलेलं.

"बंद करा! साहेब, बंद करा आधी!"

पाणी पाइपात शिरलं होतं. बागेपर्यंत पोचलं नव्हतं.

बाहेर येऊन साहेबांनी सगळं ऐकलं. मागून धापा टाकत आलेल्या बाबांकडे एकदा पाहिलं आणि हळूच म्हणाले, "नळ बिघडला होता असं लिहू. उगाच कशाला..."

तिला मोह झाला. खोटं कशाला बोला, चांगलाच झाला.

तेवढ्यात फाटकातून मावशी आत आली. "काय गं, पाणी का थांबलं?"

"पाणी खारट आहे, मावशी. नमुना चुकीचा घेतला गेला."

"आज चुकला?"

तिने साहेबांकडे पाहिलं, बाबांकडे पाहिलं. "नाही. तीन वर्षं चुकतोय. दर वेळी मागच्या टाकीचंच पाणी तपासलं."

"मग आम्हाला दिलंत ते?"

"ते चांगलं होतं. पण चांगलं होतं हे आम्हाला कळायचं पुढच्या खेपेला." वरातीमागून घोडं, आणि घोड्यावर तिची सही.

मावशी बाबांकडे वळून म्हणाली, "भाऊजी, म्हणजे तीन वर्षं तपासणी माझी झाडंच करत होती म्हणायची."

बाबांनी मान खाली घातली. त्यांच्यावर कोणी ओरडलं असतं तर त्यांना सोपं गेलं असतं. तिला त्यांची भयंकर दया आली आणि तितकाच रागही आला.

साहेबांनी नोंदवही पुढे केली. पेन हातात घेऊन ती तशीच उभी राहिली.

"लिही," बाबा म्हणाले. "माझं नाव लिही."

तिने लिहिलं. मग त्याखाली, तीन वर्षांत एकदाही नळापाशी येऊन न बघणारी म्हणून, स्वतःचं.