पाठीवर आलेला वारा

मित्रांनो, आज मला डोके नाही आणि पातीही नाहीत, तरी मी पवनचक्कीच आहे. हॉलंडच्या उत्तर किनाऱ्यावर, समुद्राच्या बांधालगत, दीडशे वर्षांपूर्वी मला उभे केले. शेवटची पन्नास वर्षे मला म्हाताऱ्या ऊनेने सांभाळले. वारा फिरला की तो ताटावरून उठून यायचा आणि माझ्या फिरत्या डोक्याला मागून जोडलेल्या दांड्याचे चाक फिरवून माझे तोंड वाऱ्याकडे करायचा. समोरचा वारा मी कितीही सोसते. पाठीवर आला तर मोडते.

ऑक्टोबरात ऊने वारला. आमच्याकडे चक्कीवाल्याच्या घरी मयत झाली की पाती कलती करून थांबवतात आणि माती देईपर्यंत चक्कीचे तोंड मेलेल्याकडे ठेवतात. ऊनेची शवपेटी पूर्वेला, चर्चमध्ये होती. त्याचा मुलगा वायब्रन याने मला तिकडे वळवले.

दुसऱ्या दिवशी सकाळी वायब्रनची मुलगी हिस्के रेडिओ ऐकून आली.

"बाबा, इंग्लंडात छपरं उडालीत. दुपारी वादळ आपल्याकडे येतंय, पश्चिमेकडून. चक्कीचं तोंड फिरवा."

"उद्या माती दिली की फिरवतो."

"आजोबा असते तर तुमचा कान पिळला असता."

"म्हणून त्यांच्याकडे पाठ करू? गाव काय म्हणेल?"

मला बोलता आले असते तर मी वायब्रनला शिव्या घातल्या असत्या.

दुपारी वादळ सरळ माझ्या पाठीवर आले. पाती उलटी फिरू लागली. तेव्हा कुठे वायब्रन धावत आला. हिस्केही आली.

"शेजाऱ्यांना बोलव, जा," चाक ओढता ओढता तो म्हणाला.

ती बांधापर्यंत पोचते न पोचते तोच माझे डोके पात्यांसकट उखडले. त्याला जोडलेला मागचा दांडा वायब्रनच्या छातीवर बसला. तो लगेच मेला नाही. दांडा माझाच होता, मित्रांनो, आणि मला तो उचलता येईना.

वादळ जर्मनीकडे निघून गेले. संध्याकाळी रेडिओने तीन देशांतले मेलेले मोजले, त्यात वायब्रनही एक आकडा होता.

बाप-लेकाला एकाच दिवशी माती दिली. एक म्हातारा शेजारी हिस्केला म्हणाला, "पोरी, बापासाठीही पाती थांबवायला हवी होती गं."

"कुठली पाती, काका?" ती म्हणाली.

मित्रांनो, गेलेल्याचा मान जरूर राखा, पण त्याने जन्मभर केलेली राखण त्याच्याच नावाने सोडू नका. ऊनेला माझी पाठ चालली असती.