सतरावं पाकीट

मिरजेच्या टपालखिडकीवर माझे एकेचाळीस तुकडे झाले, सगळे एका मापाचे. दुखलं काहीच नाही. परभणीला अक्काकडे, माझ्या थोरल्या बहिणीकडे जायचं होतं, आणि इतक्या लांब अख्खं माणूस कोण पाठवतं?

खिडकीवरच्या गुळवण्यांनी प्रत्येक तुकड्याला आधी नंबराचं पाकीट घातलं, त्यावर अक्काच्या पत्त्याचं, आणि सगळ्यात वर नुसतं पुढच्या ठाण्याचं नाव असलेलं.

"वरचं पाकीट दर ठाण्यावर फाडतात आणि नवं घालतात," ते म्हणाले. "आत काय आहे ते कुणी बघत नाही. पोचपावती हवी का?"

"ती कशाला?"

"तुकड्यागणिक सही होऊन परत येते. एखादा गहाळ झालाच तर आम्ही नक्कल काढून पुन्हा धाडतो."

सही अक्काची लागणार. म्हणजे मी तिच्या सहीची वाट बघतेय हे तिला कळणार. जळला मेला माझा ताठा! मी म्हटलं, "नको."

आठ वर्षं आम्ही बोललो नव्हतो. आईच्या आजारपणात मी अक्काला चारचौघांत विचारलं होतं, "तू केलंस काय तिचं?" सगळं तिनंच केलं होतं, मी पाहुणीसारखी जाऊन येत होते. आता तिला समोर बसून एवढंच सांगायचं होतं की अक्का, चुकलं माझं.

गुडघे सोलापूरवरून गेले, कान बार्शीवरून. सगळीकडे मीच असल्यामुळे मला सगळं दिसत होतं. सतरा नंबर, म्हणजे ओठांपासून गळ्यापर्यंतचा तुकडा, लातूरला अडकला. लातूरवाला म्हणे उदगीरवरून जवळ पडेल, उदगीरवाला म्हणे लातूरवरून. दर फेरीला पत्त्याच्या पाकिटाला एक भोक पाडायचे. भोकाला जागा उरली नाही तेव्हा उदगीरवाल्यानं मला केराच्या टोपलीत टाकलं.

"अहो, परभणी! परभणी!" मी ओरडले.

"पाकिटाचं ऐकायचं नसतं," तो म्हणाला आणि त्यानं पुढचं पाकीट घेतलं.

अक्कानं सतरंजीवर बसून एकेक पाकीट सोडवलं. आधी घोटा आला, मग कपाळ. "पिकलीस की गं," ती केसांना म्हणाली. नंबर बघत तिनं मला जुळवलं. सोळाच्या खाली थोडी जागा सोडून अठरा लावला आणि संध्याकाळपर्यंत सतराची वाट पाहिली. मिरजेला नक्कल मागायची सोय नव्हती. मीच ठेवली नव्हती.

एक जरी तुकडा कमी असला की बाकीचे हलत नाहीत, नुसते बघतात.

"पमे," अक्का म्हणाली, "आलीस ते बरं केलंस. काही सांगायचंय का?"

मी जीव खाऊन बोलले. उदगीरच्या टोपलीत मला माझा आवाज स्पष्ट ऐकू आला: अक्का, चुकलं माझं.

अक्कानं सोडवलेली पाकिटं एकावर एक रचली. "नको बोलूस," ती म्हणाली. "तुझं हे पहिल्यापासूनचंच." रागावली नव्हती ती, त्याचंच मला जास्त वाईट वाटलं.

ती उठून ताट घेऊन आली. भाकरी कुस्करून तिनं अंबाडीच्या भाजीबरोबर घास केला आणि माझ्या नाकाखाली धरला. घास मोकळ्या जागेतून सतरंजीवर पडला. अक्कानं तो उचलून ताटाच्या कडेला ठेवला आणि दुसरा करायला घेतला.