घरभाड्याच्या पलीकडचं घर

दाराच्या फटीतून आत सरकवलेलं पाकीट लिफ्टवाल्याच्या बुटाखाली आलं. त्यानं ते उचललं, वरचा नगरपालिकेचा शिक्का पाहिला आणि न फोडताच दुमडून हत्यारांच्या पिशवीत कोंबलं. आतून बायकोनं विचारलं, "कोणाचं रे?"

"काही नाही, जाहिरात असेल."

आपल्यापैकी किती जणांनी हे उत्तर दिलं असेल, वाचकहो, ते ज्याचं त्याला माहीत!

हा लिफ्टवाला माणूस मोठा कामसू होता. शहरातल्या चाळीसेक इमारतींच्या लिफ्टची देखभाल त्याच्याकडे होती. बायको एका दंतवैद्याकडे मदतनीस होती. लग्नानंतर चार वर्षं दोघं एका खोलीत राहिले. तिथे स्वयंपाक करताना पलंगावर वाफ जायची आणि पाहुणा आला की एकाला उभं राहावं लागायचं. म्हणून आठ महिन्यांपूर्वी त्यांनी हे दुसऱ्या मजल्यावरचं तीन खोल्यांचं घर भाड्यानं घेतलं. भाडं चौदा हजार. दोघांचा पगार मिळून अडतीस हजार. लिफ्टवाल्यानं बोटांवर हिशेब केला आणि म्हणाला, "बसतंय!"

खाली राहणारे घरमालक काका करारनामा घेऊन आले तेव्हा बायको म्हणाली होती, "आधी वाचून तरी घे."

"अगं, समोर बसून एकेक ओळ वाचायची म्हणजे काकांवर अविश्वास दाखवल्यासारखं होतं. बघूया नंतर." आणि त्यानं चारही पानांवर दोन मिनिटांत सह्या ठोकल्या.

ते 'नंतर' काही आलं नाही. बिलं मात्र आली. वीज, गॅस, जिन्यातल्या दिव्यांचा आणि सफाईचा वाटा. वर दर सहा महिन्यांनी पाणीपट्टी आणि कचऱ्याचा कर, तोही करारातल्या सातव्या कलमाप्रमाणे भाडेकरूनंच भरायचा. पहिल्या महिन्यात त्याला वाटलं, या खेपेला जरा जास्त झालं. दुसऱ्या महिन्यातही तेच वाटलं. तिसऱ्या महिन्यापासून त्याला काही वाटेनासं झालं आणि तो चुपचाप बँकेतून पैसे काढू लागला.

पण ते पैसे साधे नव्हते. बायकोला कवळ्या आणि दातांच्या टोप्या बनवण्याचं शिक्षण घ्यायचं होतं. दंतवैद्य बाईंनी तिला सांगितलं होतं, "तुझा हात इतका हलका आहे, तू दुसऱ्यांची तोंडं पुसत काय बसलीस?" तीन वर्षं पोटाला चिमटा काढून तिनं फीसाठी चोवीस हजार साठवले होते. ते दोघांच्या खात्यात होते, आणि खातं बघायचा तो!

एका शनिवारी सकाळी दहाच्या सुमारास दाराची घंटा वाजली. दारात वीजमीटरचं वाचन घेणाऱ्या बाई होत्या. बावीस वर्षं याच भागात जिने चढून चढून त्यांचे गुडघे गेले होते, पण जीभ शाबूत होती. सगळे त्यांना मीटरबाई म्हणत.

"काय गं पोरी, घरात कारखाना काढलाय का?" त्या बायकोला म्हणाल्या. "दोनच माणसं आणि युनिटं बघावीत तर पाच माणसांची! आणि हा लाल शिक्क्याचा कागद खाली तुमच्या पेटीतून अर्धा बाहेर लोंबत होता, म्हणून वर घेऊन आले."

बायकोनं कागद उघडला. थकलेली पाणीपट्टी आणि कचऱ्याचा कर मिळून चार हजार आठशे. पंधरा दिवसांत भरणा झाला नाही तर पाणी बंद. खाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं: याआधी दोन सूचना पाठवल्या आहेत.

लिफ्टवाला दाढीचा साबण तोंडाला तसाच ठेवून बाहेर आला. बायकोच्या हातातला कागद पाहून तो जागीच थबकला.

"दोन सूचना? कुठे आहेत त्या?"

त्यानं कोपऱ्यातल्या हत्यारांच्या पिशवीकडे बोट केलं.

"बरं, ते राहू दे. सोमवारी मला फीचा पहिला हप्ता भरायचाय. बारा हजार. ते तरी आहेत ना?"

त्यानं खाली बघत सांगितलं, "सहा उरलेत."

बायको खुर्चीत बसली. ती ओरडली असती तर त्याला सोपं गेलं असतं.

"मी काही उधळले नाहीत गं," तो चाचरत म्हणाला. "बिलंच भरली. तुला काळजी नको म्हणून बोललो नाही."

"बिलं भरलीस याचा मला राग नाही. माझे पैसे चाललेत आणि मलाच माहीत नाही, याचा आहे. तू मला काळजीतून नाही वाचवलंस, हिशेबातून वगळलंस!"

मीटरबाई निघाल्या असत्या, पण गुडघे दुखत होते. त्या दारातल्या स्टुलावर टेकल्या आणि म्हणाल्या, "घोटभर पाणी दे गं."

बायकोनं पेला आणून दिला. तो रिकामा करून बाई लिफ्टवाल्याकडे वळल्या. "हे पाणी कुठून आलं रे?"

"नळातून."

"आणि नळात? वर टाकीत कोणी घागरीनं ओतलं का?"

"पण बाई, कर हा घरमालकाचा विषय. आम्ही भाडं देतो की! आणि नगरपालिका देते तरी काय? रस्ता बघा आमचा."

"रस्ता खराब असेल तर खुशाल भांड, मीही येईन बरोबर. पण भांडायला तोंड हवं ना? कराचा कागद पिशवीत लपवून ठेवणाऱ्यानं कोणत्या तोंडानं भांडायचं? खालच्या कोपऱ्यावरचा कचरा रोज सकाळी उचलणारी बाई आहे, तिचाही पगार त्याच कागदातून निघतो."

लिफ्टवाल्यानं खिडकीतून खालच्या कोपऱ्याकडे पाहिलं.

"आता तुझ्या कामाचं सांग. लिफ्ट मध्येच अडकली, माणसं आत ओरडायला लागली, की मग जातोस का तपासायला?"

"छे! दर महिन्याला तपासतो. अडकल्यावर जाऊन काय उपयोग?"

"हेच मी म्हणतेय! घराचं मात्र अडकल्यावर बघतोस. चौदा हजार ही नुसती दाराची किल्ली. आत राहायचं म्हणजे दिवा, पाणी, गॅस, सफाई, कर, सगळं मिळून घराचा खर्च ठरतो. तो घर घ्यायच्या आधी विचारायचा असतो. विचारायला लाजलास आणि आता लपवायला लाजला नाहीस!"

त्याच्या गालावरचा साबण वाळून गेला होता. त्यानं तो बाहीनंच पुसला. मग तो आत गेला आणि पिशवीतली, कपाटामागची, गादीखालची सगळी पाकिटं आणून बायकोसमोर ठेवली. "मी चुकलो," तो म्हणाला. "आता तू सांगशील तसं."

बायकोनं वही काढली आणि दर महिन्याचं वीजबिल मांडायला घेतलं. बाई वाकून बघत होत्या. त्या एकदम म्हणाल्या, "थांबा. घरातला मुख्य खटका बंद कर बघू."

त्यानं खटका पाडला. पंखा थांबला, फ्रिज गप्प झाला. तिघं जिन्यात आले. मीटरवरचा लाल दिवा मात्र टकाटक लुकलुकतच होता!

लिफ्टवाल्याला तारांचं काय सांगायचं! मीटरमधून निघालेली एक जादा तार त्यानं बोटानं धरत धरत खाली नेली. ती थेट टाकीत पाणी चढवणाऱ्या पंपापाशी पोचली. पंप बंद करताच वरचा दिवाही थांबला. सगळ्या इमारतीचं पाणी आठ महिने यांच्या बिलावर चढत होतं!

आवाज ऐकून घरमालक काका बाहेर आले. तार पाहून त्यांचे कान लाल झाले. "देवाशप्पथ, मला कल्पना नव्हती. तुम्ही यायच्या आधी घर रिकामं होतं ना, तेव्हा पंप दुरुस्त करणाऱ्यानं जोडली असणार. पण तुम्ही एकदा तरी म्हणायचंत ना, बिल जास्त येतंय म्हणून!"

बायको म्हणाली, "म्हणायला बिल बघावं लागतं, काका."

महिन्याला चारशे, असे आठ महिन्यांचे बत्तीसशे काकांनी पुढच्या भाड्यातून वळते केले आणि पंपाला वेगळं मीटर घेतलं. सोमवारी नवरा-बायको जोडीनं नगरपालिकेत गेले आणि पाणीपट्टीसह सगळं भरून आले. खिडकीवरच्या कारकुनानं सांगितलं, की वेळेत भरलं तर पुढच्या खेपेला थोडी सूटही मिळते. पाकिटातल्या पहिल्याच सूचनेवर ते छापलेलं होतं.

फीचा हप्ता मात्र त्या सोमवारी भरता आला नाही. बायकोची ती तुकडी हुकली. तीन महिने तिला थांबावं लागलं, आणि ते तीन महिने लिफ्टवाल्याला फार लांब वाटले. पण आता दर पहिल्या तारखेला दोघं टेबलाशी बसत. आधी भाडं बाजूला, मग बिलांचा अंदाज, मग सहामाही कराचा महिन्याचा वाटा, मग फीचे पैसे. उरेल त्यात बाकीचं. कधी चणचण व्हायची, कधी एखादं बिल अंदाजापेक्षा फुगायचं. मग कुठे हात आखडायचा यावर थोडं भांडण आणि पुष्कळ हसणं व्हायचं. तीन महिन्यांनी बायकोनं बारा हजार मोजून भरले आणि पावती घेऊन घरी आली तेव्हा लिफ्टवाल्याला वाटलं, आपल्याच पगारात वाढ झाली!

पुढे त्याच्या कामावरच्या एका वेल्डरला घर बदलायचं होतं. लिफ्टवाला सोबत गेला. घर ऐसपैस होतं, वेल्डर खूश होऊन म्हणाला, "भाडं परवडतंय, सही करून टाकतो."

"जरा थांब," लिफ्टवाला म्हणाला आणि घरमालकीणबाईंना अदबीनं विचारू लागला. पाणीपट्टी कोणी भरायची? कचऱ्याचा कर कोणाकडे? वीजमीटर वेगळं आहे का? मागच्या काही महिन्यांची बिलं बघायला मिळतील का? आणि ठरलं ते करारात लिहून द्याल ना?

मालकीणबाई रागावल्या नाहीत. उलट म्हणाल्या, "बरं झालं विचारलंत. मागच्या भाडेकरूंशी याच गोष्टीवरून कटकट झाली होती." आणि त्या बिलांची फाईल आणायला आत गेल्या.

मित्रांनो, बिल विचारणं म्हणजे अविश्वास नव्हे आणि कर भरणं म्हणजे दंड नव्हे. आपण घर घेतो तेव्हा चार भिंतींबरोबर नळाचं पाणी, जिन्यातला उजेड आणि रस्त्यावरची स्वच्छताही घेतो. त्या साऱ्याचं मोल आधी विचारावं, घरातल्या माणसांपासून न लपवता मांडावं आणि वेळेवर चुकतं करावं. मग घर भाड्याचं असलं, तरी त्यातली झोप आपल्या हक्काची असते!