केर्टूचं नाव कुणी सुचवायचं?

तौनोची एक खोड त्याच्या आईला, आउनेला, मुळीच खपत नव्हती. लग्न असो, बारसं असो, पोराच्या कोटावर पदक हवंच! आज तर केर्टूच्या मयताला निघतानाही त्याने ते छातीवर टोचलं.

"घोड्याला नाल ठोकतात तसं ठोकून बसवलंय का रे ते?" म्हातारी गाडीतच कडाडली.

"आई, पदक सरकारने दिलंय. मान आहे तो."

"मान केर्टूचा आहे आज. तुझा नाही."

तौनो गावच्या संरक्षण-मंडळाचा अध्यक्ष. सैनिक नसूनही देशाच्या रक्षणाला हातभार लावणाऱ्यांना सरकार स्वातंत्र्यदिनी पदक देतं, आणि त्यासाठी गावातली नावं हेच मंडळ पाठवतं. केर्टू तरुणपणापासून छावणीच्या उपाहारगृहात बिनपगारी राबलेली. सक्तीच्या लष्करी सेवेला आलेली कोवळी पोरं घरच्या आठवणीने रडवेली होऊन तिच्यापुढे उभी राहायची. ती कॉफी आणि साखरेत घोळवलेले गरम मुंकी, म्हणजे तळलेले गोड गोळे, पुढे सारायची, म्हणायची, "आधी खा, मग रड!"

तिला मात्र पदक मिळालं नाही. आपलं नाव आपण सुचवायचं नाही, ही इथली रीत. दुसऱ्याने सुचवायचं. आणि जो तो समजत राहिला, एवढं राबलेल्या बाईचं नाव कुणीतरी कधीच दिलं असेल! आउनेसुद्धा तेच समजली. इतकी माणसं, आणि एकानेही विचारू नये?

चर्चच्या दाराशी केर्टूची लेक हेल्वी उभी होती. तौनोने तिचा हात हातात घेतला.

"मावशी फार मोठी. तिला असल्या पदकांचा सोसच नव्हता बघ."

हेल्वी हळूच म्हणाली, "दर स्वातंत्र्यदिनाच्या आधी आई तिचा उपाहारगृहातला हिरवा गणवेश इस्त्री करून ठेवायची. बोलावणं आलंच तर, म्हणून. संध्याकाळी मुकाट्याने परत कपाटात टांगायची."

तौनोचा चेहरा पडला. अरेरे! पदकाची वाट पाहणारी बाई समोर होती, आणि आपण तिच्या गप्प बसण्याला थोरपणा समजून बसलो! तो कोटावरचं पदक काढू लागला.

"हे मी तिच्या शवपेटीवर ठेवतो, आई. तिचंच आहे हे."

आउनेने त्याचं मनगट धरलं.

"राहू दे कोटावर! जिवंतपणी उपाशी ठेवलं आणि आता ताट वाढतोस? तिला आता ना दिसणार, ना ऐकू येणार. मन हलकं होईल ते तुझं. तिची सोबतीण सिर्पा आज इथे का नाही? छावणीतल्या पोरांना कॉफी कोण देणार, म्हणून! उद्या सकाळी आधी सिर्पाचं नाव दे. आणि तिला सोस नाही, असं तूच ठरवू नकोस. माणसाचा मान त्याच्या कानांवर पडतो तोवरच करावा, तौनो. नंतरच्या टाळ्या आपण आपल्यासाठीच वाजवतो!"