अठरा मीटरची लाट

“हा आकडा काढून टाका,” आराखडेवाले साहेब पडद्यावर बोट ठेवून म्हणाले. “अठरा मीटरची लाट? साखळीला हिसका बसून तुमचा बोया उलटापालटा झाला असणार.”

“उलटला असता तर पुढच्या नोंदीही बिघडल्या असत्या, साहेब. त्या सगळ्या सरळ आहेत,” ती म्हणाली.

ऑफिसात तिला सगळे बोयाताई म्हणत. किनाऱ्यापासून चाळीस किलोमीटरवर तरंगणारा तिचा बोया, म्हणजे साखळीने तळाशी बांधलेला पिवळा गोळा, लाटेबरोबर किती वर गेला, किती खाली आला, हे दर अर्ध्या सेकंदाला कळवायचा. त्याच्या बॅटऱ्या बदलणं, अंगावरचे शिंपले खरवडणं, साखळी तपासणं, हे बावीस वर्षं तिचं काम. तिथे आता नव्वद पवनचक्क्या उभ्या राहायच्या होत्या. प्रत्येकीच्या बुंध्याला मेकॅनिकांसाठी एक लोखंडी मचाण. अचानक वादळ आलं आणि बोट पोचली नाही, तर माणसं त्या मचाणावरच अडकणार. ते किती उंच हवं, हे तिच्या आकड्यांवरून ठरायचं होतं.

परवाच्या वादळात मोठ्यात मोठ्या म्हणाव्यात अशा लाटा नऊ मीटरच्या होत्या. त्यांच्यात ही एकटीच, दुप्पट.

“वारा मोजायचा मनोरा बोयाच्या शेजारीच आहे,” ती म्हणाली. “समुद्र निवळला की जाऊन बघू. तोवर आकड्याला हात लावू नका.”

साहेब हसले, पण ‘बरं’ म्हणाले.

चौथ्या दिवशी पाणी इतकं शांत होतं, की इथे वादळ झालं हे सांगूनही कुणाला पटलं नसतं. मनोऱ्याची शिडी चढताना साहेबांना धाप लागली. बारा मीटरवर तिथलं मचाण होतं. ती दर दोन महिन्यांनी यायची, पण आज तिला पाय ठेवायला जागा सापडेना. बोटभर जाडीची लोखंडी जाळी खालून उचकटून, कुणी चादर झटकून टाकावी तशी कठड्यावर पडली होती. वरच्या दिव्याच्या कोंदणात शेवाळ लोंबत होतं.

बावीस वर्षं ती लाटा मोजत होती, पण वादळात इथे यायची परवानगी कुणालाच नव्हती. तिने पाहिली होती ती फक्त कागदावरची रेघ. आज पाणी जिथवर चढलं तिथे ती स्वतः उभी होती. खाली त्यांची बोट खेळण्याएवढी दिसत होती. तिथून इथवर पाण्याची भिंत उभी राहिली, आणि ती बघायला एका पिवळ्या गोळ्याखेरीज कोणी नव्हतं. तिला भीती वाटली नाही. आपण फार मोठ्या कुणाच्या तरी दारात न विचारता आलोय, असं मात्र वाटलं.

साहेबांनी कठडा घट्ट धरला होता. उचकटलेल्या जाळीकडे बघत ते म्हणाले, “इथे कुणी माणूस असता तर...”

“सापडला नसता.”

“आकडा राहू दे, बोयाताई. मचाणं तीन मीटर वर घेऊ. वरच्यांशी मी बोलतो.”

संध्याकाळी त्या लाटेचा आलेख घेऊन ती घरी आली. ऐंशीला टेकलेले वडील खिडकीशी बसले होते. तरुणपणी ते आणि काका मिळून मासेमारीची बोट चालवायचे. एका वादळात, सुकाणू वडिलांच्या हाती असताना, बोट गेली, काका गेले. वडील एका फळीला धरून वाचले. आधी समुद्रात खड्डा पडला आणि मग डोंगराएवढी लाट आली, असं त्यांनी चौकशीत परोपरीने सांगितलं. कागदावर उतरलं ते एवढंच: चालकाचं दुर्लक्ष. काकूने त्यांच्याशी बोलणं टाकलं. त्यांनीही तो विषय पुन्हा कधी काढला नाही.

“बाबा, हे बघा.” तिने आलेख त्यांच्या मांडीवर ठेवला.

चष्मा चढवून ते रेघेवरून बोट फिरवत गेले. बोट एकाएकी खाली घसरलं आणि थांबलं.

“हा खड्डा ना गं?”

“हो. सहा मीटर खोल.”

“मग ही?”

“मग ही. साहेबांनी मान्य केलंय, बाबा. आता कागदावर राहणार.”

त्यांनी आलेखाची घडी घातली. “तुझ्या काकूला दाखवशील?”

“तुम्हीच दाखवा. उद्या नेते तुम्हाला.”

खुर्चीचा हात धरून ते सावकाश उठले. “तुझा काका पुढे जाळं आवरत होता,” ते म्हणाले, “आणि त्याच्यामागे ती अशी...” त्यांनी हात वर नेला, आणखी वर, टाचा उंचावून. अजून न्यायचा होता, पण खांदा साथ देईना. तिने त्यांच्या कोपराखाली हात घातला आणि तो वर धरून ठेवला.