सुताराच्या बरगड्यांखालून

मित्रांनो, मी एक जुने यकृत आहे. एका सुताराच्या उजव्या बरगड्यांखाली माझा मुक्काम. हृदय सारखे धडधडून स्वतःची जाहिरात करते. मी गुपचूप राबते. पित्त पुरवायचे, साखर साठवायची, औषधांचा निचरा करायचा. कौतुक वाट्याला आले नाही, पण मालक भला माणूस, त्यामुळे माझे छान चालले होते.

एका हिवाळ्यात श्वासावाटे विषाणू शिरला. लेकीच्या होणाऱ्या बाळासाठी मालक पाळणा घडवत होते. तो अर्धाच राहिला आणि त्यांनी अंथरूण धरले. विषाणू बसला फुप्फुसांत, पण त्याच्याशी लढताना अंगभर जी धग पसरली, तिने मलाही सूज आली.

त्यात घरच्यांच्या मायेला पूर आला. बायकोने तापाच्या गोळ्या दिल्या, थोरल्या बहिणीने सर्दीच्या पुड्या. घरचे झाले थोडे आणि व्याह्याने धाडले घोडे म्हणतात ना? इथे व्याही खरोखरच औषधाची बाटली घेऊन हजर! मालकांना कुणाचे मन मोडवत नसे. त्यांनी सगळ्यांचे सगळे घेतले.

मालकांना अन्न नकोसे झाले, डोळे पिवळे दिसू लागले. मी फार घाबरले. मीच हात टेकले, तर पाळणा कोण पुरा करणार?

डॉक्टरांनी रक्त तपासले. "अशा तापात यकृताला थोडी सूज येते, बहुतेकदा उतरतेही. पण एवढी? घरात काय काय देताय, सगळं टेबलावर ठेवा बघू."

गोळ्या, पुड्या, बाटली पुढे आली.

"अहो, वेष्टनं तीन, पण तिन्हींत तापाचं औषध एकच! नको तितकं पोटात गेलंय."

"मी तर मायेनं दिलं हो," बहीण रडकुंडीला आली.

"माया सगळ्यांनी करा, ताई. औषध मात्र एकाच्याच हातून जाऊ दे."

मालकांना इस्पितळात ठेवले, उपचार सुरू झाले. मी मुळातच चिवट, हळूहळू सावरले. पाळणाही पुरा झाला.

परवा त्यात निजलेले बाळ शिंकले. बहिणीने लगेच पिशवीतून पुडी काढली.

"नको ताई," मालक म्हणाले. हा शब्द मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकला. "आधी डॉक्टरांना विचारू."

ताई जरा फुगल्या, मग हसून त्यांनी पुडी परत ठेवली. मला धन्य वाटले.

मित्रांनो, आजाऱ्याला औषध देण्याआधी, आधी कुणी काय दिले ते विचारत जा. त्या पाळण्यात एक इवलेसे यकृत निजले आहे, आणि त्याला अजून जन्मभर राबायचे आहे.