क्लच नसलेली गाडी

मला जळकी म्हणायचं असेल तर खुशाल म्हणा. माझी बहीण नलिनी तर तोंडावर म्हणते. पण धाकटी बहीण तुम्हाला न सांगता, न विचारता क्लच नसलेली गाडी घेऊन दारात उभी राहिली असती ना, तर तुमच्याही पोटात दुखलं असतं.

आम्ही दोघी घाटकोपरच्या. शूटिंगच्या युनिटला सकाळचा नाश्ता पोचवायचा, हा आमचा धंदा. रांधणं आणि माणसांशी गोड बोलणं नलूकडे, गाडी माझ्याकडे. माझी जीभ कशी आहे ते सिनेमाच्या आख्ख्या लाइनीला माहीत आहे, म्हणून बोलायचं काम माझ्याकडे कधी आलंच नाही. नलूचा डावा पाय लहानपणीच पोलिओने गेला. कॅलिपर लावून चालते. शाळेत मी तिला कडेवर न्यायची, मग सायकलवर, मग स्कूटरवर. धंदा सुरू केला तेव्हा पिकअप शिकले. मला बघायला पाहुणे यायचे, तेव्हा मी सरळ विचारायची, "नलूला कोण नेणार-आणणार?" पाहुणे पोहे खाऊन निघून जायचे. मला कधी वाईट वाटलं नाही, खरं सांगते.

आणि गाडी मी अशी शिकले की भल्याभल्यांनी बघत राहावं. मढला एका बंगल्यामागून समुद्राकडे वाळूची वाट उतरते. वर भुसभुशीत, खाली ओली आणि घट्ट. सेट खाली लागतो. बाकीचे नाश्तेवाले गाडी वर लावतात आणि पातेली हातावर उतरवतात. मी थेट खाली. पहिल्या गियरमध्ये टाकायची, क्लचला पाय लावायचा नाही, इंजिनच गाडीला धरून ठेवतं. चढताना खालूनच जोर घ्यायचा आणि कान उघडे ठेवायचे. इंजिन रडायला लागलं की डोळ्याची पापणी लवायच्या आत खालचा गियर. सगळं युनिट हातातला चहा विसरून बघायचं. "शकुताई, झकास!" ती शाबासकी माझी होती, त्यात मला वाटेकरी नको होता.

तर नलूने आणली ती गाडी. सेकंडहँड, पण चकचकीत. मागे हौदा, चारही चाकांना ताकद, आणि खाली पॅडल दोनच. ऑटोमॅटिक.

"हा काय मिक्सर आहे का?" मी म्हणाले. "बटण फिरवलं की चालू?"

"मिक्सरवरपण चटणी चांगलीच होते की," नलू म्हणाली.

तिला गाडी शिकवली मिथुनने. मिथुन म्हणजे युनिटच्या जनरेटरची गाडी चालवतो तो. कधी शिकवली, तर दुपारी, आरेच्या रस्त्यांवर. मला सांगायची, "मी फिजिओथेरपीला जाते गं, रिक्षाने जाईन, तू जरा पड." मी बावळट! मला वाटायचं, माझी किती काळजी आहे हिला. मी पंख्याखाली लोळत होते आणि ही बाई आरेच्या चढावर एका परक्या माणसाबरोबर हसत गाडी चालवत होती. शिकवायचंच होतं तर मी मेले होते का? पण मी शिकवलं नसतं, हेही तितकंच खरं. मी म्हणाले असते, तुला कशाला हवी गाडी, मी आहे ना.

मग तिने मोठा बॉम्ब टाकला. "ताई, मुलुंडचं युनिट आपल्याला विचारतंय. सोमवारपासून तू जुनी गाडी घेऊन मुलुंड बघ, मी मढ बघते. दोघी दोन ठिकाणी." आनंदाने सांगत होती. जणू मला बक्षीसच देत होती. मला धंदा वाढवायचा नव्हता. मला नलू बाजूच्या सीटवर बसलेली हवी होती, कांदे महागले म्हणून कुरकुरत, खिडकीतून दिसेल त्याला नावं ठेवत.

माझं डोकं सणकलं. "आधी मढची वाळू उतरून दाखव," मी म्हणाले. "आणि चढूनपण दाखव. मग सोमवारचं बोल."

"आणि नाही जमलं तर?"

"तर ही गाडी वीक आणि गपचूप माझ्या बाजूला बस."

"ठरलं," नलू म्हणाली. एवढ्या पटकन म्हणाली की मला आणखीच राग आला.

शनिवारी सकाळी निघालो. ती चालवत होती आणि मी बाजूला. आयुष्यात पहिल्यांदा. आरेतला प्रत्येक स्पीडब्रेकर आला की माझा डावा पाय आपोआप खाली दाबला जायचा. तिथे नुसती रबराची मॅट.

"ताई, पाय आपटू नकोस, मॅट फाटेल."

"माझा पाय आहे, मी बघेन."

गाडी चांगली चालवत होती ती. वाईट चालवली असती तर मी मायेने चार गोष्टी सांगितल्या असत्या. चांगली चालवत होती, म्हणून मी मालाडपर्यंत तोंड शिवून बसले.

बंगल्यामागे मिथुन उभाच होता. त्याने चारही टायरमधली हवा कमी केली, म्हणजे टायर वाळूवर पसरतात. हे मीपण करते, पण माझ्यासाठी त्याने कधी वाकून केलं नव्हतं. मला म्हणाला, "शकुताई, बघा तुम्ही, ऑटोमॅटिक वाळूत मस्त जाते. गियर बदलताना जोर तुटत नाही ना."

"तुला विचारलं मी?"

तो बाजूला झाला. मी कडेला उभी राहिले आणि मनात म्हणाले, रुतू दे. फार नको, थोडी. घरून माझी जुनी गाडी आणून, दोरी लावून ओढून काढावी लागेल इतपत. सख्ख्या बहिणीसाठी मी हे मागत होते, सकाळच्या कोवळ्या उन्हात, सांबाराचा वास येत असताना.

ती वाट उतरली. घाई नाही, धक्का नाही. झाकणाखालचं सांबार झाकणाखालीच राहिलं. खाली ओल्या वाळूवर वळवून तिने गाडी नीट उभी केली आणि टाळ्या पडल्या. लाइटवाले, मेकअपवाले, सगळे. मिथुनने शिट्टी मारली. नलूसाठी लोक आजवर खुर्ची आणायचे, हात द्यायचे, बाजूला सरकायचे. टाळी कोणी वाजवली नव्हती. मला हे कळत होतं, आणि तरी माझ्या अंगाचा तिळपापड होत होता. त्या टाळ्या माझ्या होत्या, त्याच जागेवरच्या, त्याच माणसांच्या.

नाश्ता वाढून झाला. पातेली विसळून हौद्यात चढवली. नलू चहाच्या टाकीजवळ मिथुनशी बोलत होती, हसत होती, तिचा चेहरा उन्हाने लाल झाला होता. गाडीची चावी तिने टाकीशेजारी ठेवली होती. आता फक्त चढण राहिली होती. ती चढली की सोमवार आला.

मी चावी उचलली आणि जाऊन स्टिअरिंगवर बसले.

"नलू, बस. चढण मी घेते."

ती लंगडत आली. "ताई, ठरलं होतं ना आपलं?"

"तू नवीन आहेस. गाडीची वाट लागेल. तुझ्या काळजीनेच सांगते."

काळजी कसली डोंबलाची! तिला कळलं. तिने दोन्ही हातांनी कॅलिपरचा पाय उचलून आत घेतला आणि बाजूला बसली, रोजच्यासारखी. मला बरं वाटलं. इतकं बरं वाटलं की मी हसलेसुद्धा.

खालून जोर घेतला. गाडी लोण्यासारखी निघाली, हेही मला खपलं नाही. अर्ध्या चढावर मऊ वाळू लागली, इंजिनाचा आवाज वाढला, आणि माझ्या कानाने ऐकलं ते पायाने ऐकलं. खालचा गियर! डावा पाय सगळ्या ताकदीने खाली गेला, नेहमी क्लच असतो तिथे. तिथे क्लच नव्हता. रुंद ब्रेक होता.

गाडी जागच्या जागी थिजली. मागची पातेली धाडकन येऊन काचेखाली आदळली, नलूचे दोन्ही हात डॅशबोर्डवर आपटले. मी घाबरून ब्रेक सोडला आणि उजवा पाय दाबला, जोरात, आणखी जोरात. चाकं जागेवर फिरली, वाळू उडाली, गाडी खाली बसत गेली.

"ॲक्सिलरेटर सोडा! ताई, सोडा!" मिथुन ओरडत येत होता.

सोडला. गाडीचं पोट वाळूला टेकलं होतं. खाली सगळं युनिट उभं राहून बघत होतं.

"बघितलंस?" मी म्हणाले. "भिकार गाडी! मी सांगत होते."

नलू मनगट चोळत होती. "ताई, ब्रेकवर डावा पाय कोणी ठेवला?"

मी डावा पाय मागे ओढून घेतला.

"या गाडीत डाव्या पायाला कामच नाही," ती म्हणाली. "म्हणून तर घेतली ना मी."

ती चिडली असती तर मी भांडले असते, मला भांडता चांगलं येतं. ती चिडली नव्हती.

"उतर आता."

"थांब, मी मागे घेते, एकदा परत..."

"उतर ताई."

उतरले. मिथुनने आणि दोन लाइटवाल्यांनी चाकांपुढची, मागची वाळू उपसली. नलू स्टिअरिंगवर बसली. मी वळसा घालून बाजूच्या दाराकडे गेले, तर तिने मान हलवली.

"तू नको बसूस. वजन कमी हवं."

"मग मी?"

"वर थांबते ना मी."

आपल्याच चाकोरीतून तिने गाडी मागे सोडली, हळूहळू, पार ओल्या वाळूपर्यंत. मग निघाली. मी चढाच्या मध्यावर कडेला उभी होते. ती माझ्या अगदी जवळून गेली, हात लांबवला असता तर आरसा लागला असता. मला वाटलं, बघेल माझ्याकडे. तिने बघितलं नाही. ती समोर बघत होती, जीभ दातात धरून, लहानपणी सुईत दोरा ओवायची तशी. इंजिनाने स्वतःच खालचा गियर घेतला, मी ऐकलं. गाडी एकदा डोलली आणि वर गेली. खाली टाळ्या, शिट्ट्या. "नलूताई, झकास!"

मी चालायला लागले. माझे दोन्ही पाय धडधाकट, आणि पाऊल टाकावं तर अर्धं मागे घसरत होतं. चपलांत वाळू, ब्लाउज घामाने चिकटलेला, छाती भरून आलेली. इतकी वर्षं या वाटेवर आले-गेले, पण पायी कधी चढलेच नव्हते. मला तिचा हेवा वाटत होता. माझ्या लंगड्या बहिणीचा, जिच्या जागी असावं असं मला जन्मात कधी वाटलं नव्हतं, तिचा.

वर गाडी उभी होती. नलूने खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

"सावकाश ये गं," ती म्हणाली. "घाई नाही."

किती मायेने म्हणाली! आणि माझ्या डोक्यात तिडीक गेली. मग चालता चालता लक्षात आलं, की हे वाक्य माझं आहे. शाळेच्या जिन्यावर, हॉस्पिटलच्या दारात, लोकांच्या लग्नांत, प्रत्येक ठिकाणी पुढे जाऊन, मागे वळून मी तिला हेच म्हणत आले. तिच्या डोक्यातही अशीच तिडीक जात असणार. कधी बोलली नाही मेली.

मी पोचले तेव्हा तिने आतून वाकून माझ्या बाजूचं दार उघडलं.

"मला येतं उघडता!" मी खेकसले.

"हो ना?" नलू म्हणाली.

मी बसले, दार लावलं, चपला काढून वाळू बाहेर झटकली. तिने सोमवारचं काही विचारलं नाही, गाडीही सुरू केली नाही.  परतीचा मालवणीचा रस्ता समोर मोकळा होता आणि माझा डावा पाय मॅटवर नुसता पडून होता.

"मुलुंडला किती माणसांचा नाश्ता आहे?" मी विचारलं.